सकाळी काय जेवलात?

अहो, कालचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम व्यवस्थित पार पडला. भन्तेजी वेळेवर आले, जेवण पुरलं, कोणाच्या चपला हरवल्या नाहीत. सकाळीच यादी करून ठेवली होती, संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळींवर खुणा झाल्या. एक ओळ सोडून. ती ओळ गेली कित्येक वर्षं माझ्या एका यादीतून दुसरीत उतरते आहे आणि तुम्हालाही ती पाठ होती: दुकानातल्या ट्रंकांचं काय ते ठरवणे.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "बघू, थंडी संपू दे." थंडी अजून आहे. घरमालकांना मात्र महिनाअखेर दुकान रिकामं हवं आहे. ते वाईट बोलले नाहीत. उलट जिना चढून वर दुकानात आले, तुमच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, भाभीजी, आराम से करो. आरामात म्हणजे महिनाअखेर.

कॅमेरे लेकीने घेतले, मिट्टूने. दिवे आणि फोटोच्या पांढऱ्या छत्र्या त्या मुलांना दिल्या जी लग्नाचे फोटो काढतात आणि तुम्हाला वाकून नमस्कार करतात. तळ्याचं चित्र असलेला पडदा कोणीच घेतला नाही, तो मी घडी करून घरी आणला. राहिल्या ट्रंका. त्यांच्याबद्दल आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, आणि आता तुम्ही नसताना ते मी जिंकू शकते. एक टेम्पो बोलावला की झालं. तेवढंच मला जमत नव्हतं.

आपल्या लेकीच्या वयाच्या मुलांना हे भांडण कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीतच आहे, पण तुम्हाला माहीत असलेलं सांगायची मला सवय आहे.

तुमच्या दुकानात माणूस आला की आधी त्याला जो हवा तो फोटो निघायचा. पासपोर्टचा, नोकरीचा, स्थळासाठीचा. दोन बोटांनी हनुवटी सरळ करायची, नजर कॅमेऱ्याच्या जरा वर, ओठ मिटलेले. मग तुम्ही म्हणायचा, "हा सरकारचा झाला. आता एक तुमचा." हिंदीवाला असला तर, "ये तो सरकार का हो गया भिया, अब एक आपका. सुबे क्या खाया?"

माणूस आधी बावचळायचा. मग सांगायला लागायचा. पोहे. कसले पोहे? नाही, घरचेच, पण शेव कोपऱ्यावरची. कोपऱ्यावरची म्हणजे कुठली, ती जाड का बारीक? इंदूरच्या माणसाला शेव जाड का बारीक असं विचारलं की तो कॅमेरा विसरतो. तेवढ्यात तुमचं बटण दाबलेलं असायचं. तोंड अर्धवट उघडं, एक हात हवेत, डोळ्यांत काहीतरी चवीचं.

हा दुसरा फोटो तुम्ही पदरचा कागद घालून छापायचा आणि पाकिटात ठेवून द्यायचा. बहुतेक लोक तो पाकिटातून काढून परत करायचे. एक कचोरीवाले भिया तर चिडले होते, मेरा मुँह खुला का खुला छाप दिया, इसे कौन देखेगा. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आज नको ना? राहू द्या माझ्याकडे. पुढे लागेल."

असे राहू दिलेले फोटो म्हणजे त्या ट्रंका.

मी सांवेर रोडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. तिथे जी वस्तू वर्षानुवर्षं रॅकवरून हलत नाही तिला आम्ही डेड स्टॉक म्हणतो आणि काढून टाकतो, नाहीतर हलणाऱ्या मालाला जागा राहत नाही. हे मी तुम्हाला किती वेळा समजावलं असेल. तुम्ही पोळी मोडत मोडत ऐकायचा.

"तुझ्या नटबोल्टांना शोधत कोणी येत नाही," असं तुम्ही म्हणायचा.

मी विचारायचे, ह्यांना शोधत आजवर कोण आलं ते सांगा.

"येतील. घरातलं माणूस गेलं की येतील. भिंतीवर सरकारचा फोटो असतो. त्याच्याशी बोलता येत नाही."

ह्यावर माझं म्हणणं होतं की आलं तरी सापडणार कसं? कारण नावाने लावायचे सोडून तुम्ही ते जेवणाने लावले होते. एका गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर "पोहे", एकावर "बाफले", एकावर "उपास", एकावर "गोड", एकावर नुसतं "काही नाही, चहा". तो शेवटचा गठ्ठा सगळ्यात जाड आहे हे तुम्ही मला एकदा गंभीरपणे दाखवलं होतंत. मी म्हटलं, कोणत्याही स्टोअरमध्ये अशी मांडणी केली तर माणसाला त्याच दिवशी घरी पाठवतील. तुम्ही म्हणालात, नावं बदलतात. निम्म्या बायकांची लग्नात बदलतात. त्या सकाळी काय खाल्लं ते बदलत नाही.

आणि त्या ट्रंकांत एक फोटो माझा होता. भांडणाचं अर्धं कारण तेच होतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं.

मावशी मला घेऊन आली होती, स्थळासाठी फोटो काढायला. भोपाळचा मुलगा, बँकेत. मावशीने वाटेभर शिकवत आणलं होतं: हसू नको, दात दिसतात. जास्त बोलू नको. काही विचारलं तर घराण्याला शोभेल असं सांग. फोटोग्राफर काही विचारेल असं तिला तरी कुठे वाटलं होतं. सरकारी फोटो झाला, छान झाला, हिरव्या साडीतला. मग तुम्ही विचारलंत, "सकाळी काय जेवलात?"

मी शिळ्या भाकरीचा कुस्करा खाऊन आले होते. रात्रीची ज्वारीची भाकरी चुरून, वर लसणाची चटणी आणि कच्चं तेल. त्याहून चांगलं खाणं मला आजही माहीत नाही. पण मावशी मागे उभी होती. तिने माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी म्हणाले, "श्रीखंडपुरी." आणि म्हणता म्हणता मला हसू आलं, कारण आमच्या घरी सकाळी सकाळी श्रीखंड कोण करतं? सगळे दात दिसले. तुम्ही बटण दाबलंत.

मावशीने तो फोटो तिथेच परत केला. फाडून टाका म्हणाली. तुम्ही म्हणालात, राहू द्या, पुढे लागेल.

भोपाळहून चांगला फोटो परत आला. मुलाला उंच मुलगी हवी होती, जी फोटोत कळत नाही. पुढच्या महिन्यात महूहून तुमची वहिनी तुमचं स्थळ घेऊन आमच्या दारात. मावशीला कळेना की ह्यांच्याकडे फोटो गेला कसा. मग लक्षात आलं कोणता गेला. तिने कपाळावर हात मारला आणि नंतर सगळ्या नातेवाइकांत एकच वाक्य सांगत फिरली: "त्याने वाईटातला वाईट बघून हो म्हटलंय, आता लपवायचं काय?"

लग्नानंतर मी तो फोटो मागितला. तुम्ही दिला नाहीत. ग्राहकाची वस्तू आहे, ग्राहकालाच देईन, म्हणालात. मी ग्राहक नाही का? "तू ग्राहक म्हणून आलीस का, की फाडायला आलीस?" खरं उत्तर दिलं असतं तर मिळाला नसता, आणि तुमच्यापुढे एकदा खोटं बोलून पाहिलंच होतं. मग तुम्ही लग्नाचे फोटो काढायला बाहेरगावी गेलात की मी दुकानात जाऊन "गोड" लिहिलेला गठ्ठा सोडायचे. गुलाबजाम, मावाबाटी, जिलबी खाऊन आलेले अनोळखी लोक माझ्याकडे बघून काहीतरी सांगत असायचे. मी नसायचे. मला वाटलं तुम्ही तो वेगळा लपवला आहे.

आणि श्रीखंड! लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला तुम्ही न चुकता श्रीखंडाचा डबा आणायचा. मला आंबटगोड आवडत नाही. पण पहिल्या वर्षी बोलले नाही, आणि नंतर बोलायची वेळ निघून गेली. तुम्ही समोर बसून, अगदी सरळ चेहऱ्याने, "घे अजून, तुझं आवडीचं" असं म्हणत वाढायचा. मी खायचे. मिट्टूला वाटतं तिच्या आईला जगात श्रीखंडाइतकं काही आवडत नाही.

तुमच्या स्वतःच्या आवडीचं खाणं सांगायचं तर एका शब्दात होतं. शेव. पिठल्यावर शेव, वरणभातावर शेव, माझ्या कांद्याच्या पातीच्या भाजीवर शेव. एकदा खिरीच्या वाटीकडे तुमचा हात जाताना मी पाहिला आणि डबा उचलला. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटल्यावर शेवेचा डबा कपाटात गेला आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. त्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. सकाळी लालबागला चालायला म्हणून जायचा आणि मिशीत पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचे कण घेऊन यायचा. मी विचारलं की म्हणायचा, धूळ आहे, रस्ता खोदलाय. पिवळसर तिखट धूळ! हिवाळ्यात तर सराफ्यातल्या तळलेल्या गराडूच्या गाडीवाल्याने मलाच रस्त्यात थांबवून विचारलं, भाई साब की तबियत तो ठीक है ना, दो दिन से आए नहीं.

आपल्या स्वयंपाकघरात रोलच्या काळ्या डब्या अजून आहेत. फिल्म बंद झाली तेव्हा तुम्ही पोतंभर डब्या घरी आणल्या, टाकवत नाहीत म्हणून. मी त्यांत मोहरी, ओवा, हिंग भरलं, चिठ्ठ्या लावल्या. ती मांडणी तुम्हाला पसंत होती, एकच डबी सोडून. जीरावनाची डबी कायम गायब. मी भरायचे, ती जायची. परवा कॅमेऱ्याची बॅग रिकामी केली तेव्हा लेन्सच्या कप्प्यात सापडली. माझ्या अक्षरातली चिठ्ठी तशीच. अर्धी भरलेली. तिथे मी जरा वेळ बसले. मग पुढची कामं होती.

तर काल. वंदना झाली, पंचशील झालं. तुमच्या फोटोसमोर लोक पांढरी फुलं ठेवत होते. फोटो मिट्टूने मोबाइलवर काढलेला, गेल्या दिवाळीतला. तुमचाच प्रश्न तिने तुम्हाला विचारला होता आणि तुम्ही माझी नजर चुकवून काय खाल्लं ते तिला सांगत होता. तोंड उघडं आहे. तुमच्या वहिनींचं म्हणणं पडलं की कार्यक्रमाला असा बरा दिसत नाही, गंभीर एखादा लावा. मी म्हटलं, हाच राहील. माझ्या तोंडून हे निघालेलं ऐकून मिट्टू माझ्याकडे बघत राहिली.

जेवणं चालू असताना सोनवणेताई आत स्वयंपाकघरात आल्या. त्या आपल्या मागच्या गल्लीतल्या, मिस्टर रेल्वेत होते, पावसाळ्यात गेले. वाढायला मदत करायला आल्या असतील असं मला वाटलं. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, आजच्या दिवशी विचारू नये. पण दुकान जाणार म्हणे. आमच्या ह्यांचा एक फोटो भाऊंकडे राहिला होता. मीच नको म्हटलं होतं. तोंड उघडं आलं म्हणून."

मी हातातली पळी खाली ठेवली. सोनवणेंच्या घरी भिंतीवर जो फोटो आहे तो मी पाहिलाय. रेल्वेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, दंडाधिकाऱ्यासारखा चेहरा. प्रत्यक्षात ते गृहस्थ गल्लीतल्या सगळ्या पोरांना आवाज काढून हसवायचे.

मी सांगितलं, ताई, खूप फोटो आहेत, नावं नाहीत, कसा शोधायचा? आणि बोलता बोलताच मला तुमचा प्रश्न आठवला. मी विचारलं, "त्या दिवशी सकाळी काय जेवले होते, आठवतं?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "सुकट. कांद्याच्या पातीत केलेली. मीच दिली होती डब्यात, पण ह्यांनी घरीच संपवली. आणि तिथे फोटोवाल्यापुढे सांगत बसले, बायको सुकट कशी करते ते. मला इतकी लाज वाटली. म्हटलं, दुकानभर वास सुटेल."

मिट्टूला स्कूटीवर दुकानात पाठवलं. ती जाताना म्हणाली, "आई, हे सगळं स्कॅन करून ग्रुपवर टाकू ना, लोक खुदच शोधतील." मी म्हटलं, आधी "सुकट" लिहिलेला गठ्ठा आण. ती गेली आणि आली. गठ्ठा लहानच होता. सोनवणेताईंनी वरचे काही फोटो बाजूला केले आणि थांबल्या. फोटोत सोनवणेंचा डावा हात वर, चिमूट केलेली, जणू मीठ किती घालायचं ते दाखवतायत. डोळे बारीक झालेले. तोंड उघडं.

त्यांनी पदराने फोटो पुसला, धूळ नसताना. मग त्याच्याशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "मीठ मी एवढं नव्हते घालत."

तुम्ही जिंकलात. हे मला ओट्याशीच कळलं. तुम्हाला ऐकू गेलं असेल तर मान हलवून हसू नका.

सोनवणेताई पंगतीत परत गेल्या आणि फोटो पदराखाली काही ठेवता आला नाही त्यांना. दाखवला शेजारणीला. संध्याकाळपर्यंत आणखी लोक विचारून गेले. सगळ्यांना सापडणार नाही. एकजण म्हणाला, आमचे वडील काय जेवले होते कोणास ठाऊक, आम्ही कधी विचारलंच नाही. त्याला मी "काही नाही, चहा" चा गठ्ठा दाखवायचं कबूल केलं आहे. कचोरीवाले भियाही आले होते. स्वतःचाच फोटो मागत होते. अब चलेगा, म्हणाले, अब वैसे दाँत भी नहीं रहे.

आज सकाळी लवकर उठून मी दुकानात गेले. कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्र्यांच्या कळसांवर ऊन यायचं होतं. पडदा नसल्याने भिंत विचित्र दिसते, ओलीच्या डागासकट. मी ट्रंका मोजायला गेले नव्हते. काल सोनवणेताईंचा गठ्ठा पाहिल्यापासून डोक्यात एक गोष्ट घोळत होती. मी इतकी वर्षं "गोड" च्या गठ्ठ्यात शोधलं. मी काय सांगितलं त्यावरून शोधलं. तुम्ही गठ्ठे बांधले ते काय खाल्लं त्यावरून.

"भाकरी" लिहिलेला गठ्ठा दुसऱ्या ट्रंकेत, अगदी तळाशी होता. सोडला. बाजरीवाले, मक्यावाले, पिठल्यावाले, आणि त्यांच्या मधोमध हिरव्या साडीतली मी, सगळे दात दाखवत श्रीखंडपुरी म्हणणारी.

म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं. कसं, ते मी ट्रंकेवर बसून आठवलं. हनुवटी सरळ करायला तुम्ही जवळ आला होता. लसणाच्या चटणीचा वास कुठे लपतो, आणि चटणी म्हटली की भाकरीच. आणि हे माहीत असताना तुम्ही वर्षानुवर्षं श्रीखंडाचा डबा आणलात, सरळ चेहऱ्याने वाढलात, आणि वाट बघितलीत की ही कधी खरं बोलेल. मी दरवर्षी वाटी संपवली आणि तुमच्या डोळ्यांतलं ते हसू शेवेच्या चोरीचं आहे असं समजत राहिले. आपण दोघंही इतके हट्टी. मी त्या रिकाम्या दुकानात एकटीच मोठ्याने हसले. खालच्या दुकानदाराने जिन्यातून विचारलं, भाभीजी, सब ठीक?

ठीक आहे. ट्रंका टेम्पोतून घरी आल्या, पुढच्या खोलीत ठेवल्या आहेत, दिवाणाच्या जागी. दिवाण मिट्टूच्या खोलीत गेला. ती कुरकुरली. यादीतल्या शेवटच्या ओळीवर खूण केली. स्कॅन वगैरे ती करेल, पण गठ्ठ्यांची मांडणी बदलायची नाही हे तिला बजावून सांगितलं आहे. नावं घालायची नाहीत. दार वाजलं की मी विचारणार, काय जेवले होते?

माझा फोटो मात्र स्थळासाठी चालण्यासारखा नाही, ह्या मतावर मी ठाम आहे. मावशीचं बरोबर होतं. तो मी फाडला नाही. ग्राहक म्हणून घेतला.

दुकानातून आले तेव्हा भूक लागली होती. कालच्या कार्यक्रमातल्या भाकऱ्या उरल्या होत्या. दोन चुरल्या, लसणाची चटणी घातली, कच्चं तेल घातलं. मग पर्समधून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि वर मूठभर शेव घातली. जीरावन तुमच्या बॅगेतल्या डबीतलं. चांगलं लागतं. एवढं चांगलं लागत असेल असं वाटलं नव्हतं.

तर अहो, सकाळी शिळ्या भाकरीचा कुस्करा जेवले. श्रीखंड नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

काढा आता एक माझा.